सेंटरला बसवलंत, पण त्याचं काम कुणी केलं?

पाणी पिऊन झालं असेल तर भिंतीला टेकलेल्या पाठी सरळ करा आणि ऐका. हरलात म्हणून मी आवाज चढवत नाहीये. हरणं मला नवीन नाही, तुम्हाला तर नाहीच नाही. माझं डोकं फिरलंय ते हरून बाहेर आल्यावर कॅप्टनसाहेबांनी जे वाक्य माझ्या तोंडावर फेकलं त्याने. "सर, आपण स्मॉल बॉल खेळत होतो. वॉरियर्ससारखं."

वॉरियर्ससारखं! परीक्षेची सुपरव्हिजन आटोपून मी ग्राउंडवर पोचलो तेव्हा हाफ टाइम होऊन गेला होता. आपला एकुलता एक उंच मुलगा गळ्यात टॉवेल टाकून बेंचवर, आणि आत जे पाच होते त्यातला सर्वांत उंच जेमतेम पावणेसहा फूट. मी काही बोललो नाही. म्हटलं, पोरांनी डोकं चालवलेलं दिसतंय, बघू या. आणि मग दोन क्वार्टर मी एकच गोष्ट बघत होतो. समोरच्यांचा शॉट चुकतोय, बॉल रिंगवरून उडतोय आणि पुन्हा त्यांच्याच हातात जातोय. एकदा, दोनदा, तीनदा. शेवटी त्यांनाच कंटाळा येऊन ते बास्केट करतायत, आणि तोवर तुमच्यातला एकही जण जागचा हललेला नाही. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण तुम्ही पाचवीत पाठ केली असेल. शनिवारी तिचं प्रात्यक्षिक दिलंत.

सेंटरचा जमाना गेला, असं ज्यांचं मत आहे त्यांनी हात वर करा. बरं. आणि उंचीशिवाय बास्केटबॉलमध्ये काही होत नाही, आपल्याकडे उंच पोरं नाहीत म्हणून आपण हरतो, असं म्हणणारे? तुम्हीही हात वर ठेवा. दोन्ही गटांची हजेरी आज एकत्रच घेतो.

ज्या सामन्याच्या नावावर तुम्ही हे खपवताय तो पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत किती जणांनी बघितलाय? हायलाइट्स नाही विचारत मी. २०१५ ची फायनल, चौथा सामना. क्लीव्हलंड २-१ ने पुढे होतं. लेब्रन जेम्सने खेळ संथ करून टाकला होता आणि वॉरियर्सचं पळणं बंद पडलं होतं. तेव्हा त्यांचा कोच स्टीव्ह कर याने सात फुटी अँड्र्यू बोगटला सुरुवातीच्या पाचांतून काढलं आणि आंद्रे इग्वोडालाला घेतलं. इग्वोडाला ६ फूट ६ इंच. अख्ख्या सीझनच्या लीग सामन्यांत त्याने एकदाही सुरुवात केली नव्हती. सेंटरच्या जागी ड्रेमंड ग्रीन, तोही साधारण त्याच उंचीचा. सामन्याआधी पत्रकारांनी विचारलं, तर कोच चक्क खोटं बोलला आणि नंतर ते कबूलही केलं.

आणि कल्पना कुणाची? स्टारची नाही, कोचचीही नाही. निक युरेन नावाचा अठ्ठावीस वर्षांचा असिस्टंट आदल्या वर्षीच्या फायनलचे व्हिडिओ रात्री उशिरापर्यंत बघत बसला होता. २०१४ मध्ये सॅन अँटोनिओने मायामीविरुद्ध टियागो स्प्लिटरला बसवून बोरिस डियॉला पहिल्या पाचांत आणलं होतं, ते त्याने हेरलं आणि फोन उचलला. तुम्ही रात्री जागून काय बघता ते मला तुमच्या स्टेटसवरून कळतं. असो.

सामना सुरू झाला तो क्लीव्हलंडने ७-० करून. तुम्ही असता तर तिथेच एकमेकांकडे बघून हात झटकले असते. कोचने बोगटला परत बोलावलं नाही. क्वार्टर संपला तेव्हा वॉरियर्स पुढे होते, आणि सामना संपला तेव्हा १०३-८२.

इथपर्यंत सगळ्यांना आवडतं. पुढचं ऐका. क्लीव्हलंडचा सेंटर टिमोफी मोझगोव्ह, ७ फूट १ इंच. त्याने त्या सामन्यात २८ गुण केले. समोर बुटका संघ आहे म्हटल्यावर उंच माणसाने जे करायचं ते सगळं त्याने केलं, आणि त्याचा संघ २१ गुणांनी हरला. कसा? हात वर केलेल्यांपैकी कुणीही सांगा. दोन्ही गटांपैकी कुणीही.

नाही ना येत? मोझगोव्हला मिळालेला प्रत्येक बास्केट म्हणजे लेब्रनच्या हातून सुटलेला एक बॉल. वॉरियर्सने तो व्यवहार डोळे उघडे ठेवून केला होता. त्याने आत दोन-दोन गुण घ्यावेत, पण बाहेरच्यांना मोकळा शॉट मिळता कामा नये. क्लीव्हलंडने त्या सामन्यात २७ थ्री मारले, पडले ४. आणि दुसऱ्या टोकाला मोझगोव्हची पंचाईत अशी, की ज्याला धरायचं तो माणूस रिंगखाली उभाच नाही. तो बाहेर, कमानीवर. मोझगोव्ह आत थांबला तर शॉट मोकळा, बाहेर आला तर रिंग मोकळी.

पुढच्या सामन्यात क्लीव्हलंडच्या कोचने काय करावं? २८ गुण करणाऱ्या माणसालाच बसवलं! मोझगोव्ह पाचव्या सामन्यात ९ मिनिटं खेळला. आपल्या हातातलं हत्यार आपणच खाली ठेवून दुसऱ्याच्या खेळात उतरले आणि ४-२ ने मालिका हरले. कायरी अर्विंग आणि केव्हिन लव्ह दोघेही जखमी होऊन बाहेर होते, हेही सांगतो, नाहीतर मीही तुमच्यासारखाच अर्धं सांगून मोकळा झालो असं व्हायचं.

आता माझा प्रश्न. बोगट बाहेर बसला तेव्हा त्याचं काम कुठे गेलं?

घरातला कर्ता माणूस महिनाभर बाहेरगावी गेला की त्याची कामं काही त्याच्याबरोबर गावाला जात नाहीत. दूधवाल्याचा हिशेब, गॅसचा नंबर, लाइटबिल, रात्री दाराला कडी लावली का ते बघणं, सगळं मागे राहिलेल्या चौघांत वाटलं जातं, आणि जो म्हणतो ते माझं काम नाही, त्याच्यामुळे घरात अंधार होतो. वॉरियर्समध्ये ते काम वाटलं गेलं. ग्रीनने सर्वांत जास्त उचललं, पण इग्वोडाला, बार्न्स, थॉम्पसन, अगदी करीसुद्धा बॉल उडाला की आत शिरत होते. तुमच्याकडे कर्ता माणूस बेंचवर बसला आणि बाकीचे पाचही जण पाहुण्यासारखे उभे.

तू, इकडे ये. हो, तूच, ज्याने शनिवारी बाहेरून वीस शॉट मारले आणि तीन टाकले. इथे उभा राहा. आता मी शॉट मारतोय असं समज. काय केलंस? मान वर! बघा सगळ्यांनी, शॉट सुटल्याबरोबर पहिली हालचाल मानेची. बॉल काही पळून जात नाही रे, तो खालीच येणार आहे. मान वर जायच्या आधी माणूस शोधायचा. त्याच्या छातीवर हाताची पुढची बाजू, एक पाय त्याच्या दोन पायांच्या मध्ये, वळायचं, बूड खाली, पाठ त्याला चिकटलेली. तो डावीकडे सरकला तर तुझ्या पाठीला कळलं पाहिजे, डोळ्यांना नाही. आणि मग वर बघायचं. एवढं केलंस तर तुझ्यापेक्षा चार इंच उंच पोरगा तुझ्या मागे अडकून उड्या मारत बसेल आणि बॉल त्याच्या समोर जमिनीवर टप्पा घेईल. ड्रेमंड ग्रीन हेच करतो. चार्ल्स बार्कली ६ फूट ६ इंचांचा, खरं तर त्याहूनही कमीच म्हणतात, १९८६-८७ मध्ये अख्ख्या लीगमध्ये रिबाउंडला पहिला. डेनिस रॉडमन ६ फूट ७ इंच, लागोपाठ सात वर्षं पहिला. वेस अनसेल्डही ६ फूट ७ इंच आणि खेळायचा सेंटर. १९७८ ची फायनल त्याच्या वॉशिंग्टनने जिंकली आणि फायनलचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. यातलं कुणी उंचीचं रडगाणं गायलं नाही, आणि उंची संपली असंही म्हणालं नाही. जा, बस जागेवर.

तुम्हाला वाटतं हे सगळं २०१५ मध्ये सुरू झालं. १९७४ ची फायनल घ्या. बॉस्टनचा सेंटर डेव्ह कॉवेन्स, ६ फूट ९ इंच. समोर मिलवॉकीचा करीम अब्दुल-जब्बार, ७ फूट २ इंच. मालिका सातव्या सामन्यापर्यंत गेली. सहाव्या सामन्यातला एक क्षण शोधून बघा. स्क्रीन लागते आणि कॉवेन्सच्या समोर येतो ऑस्कर रॉबर्टसन. गार्ड, तोही त्या काळातला अव्वल. सेंटरला गार्ड धरायला लागला की तुमच्यासारखे ओरडतात, "हेल्प, हेल्प!" कॉवेन्सने बॉलवर हात मारला आणि सुटलेल्या बॉलमागे असा सूर मारला की अर्धं कोर्ट पोटावर घसरत गेला. तो सामना शेवटी करीमने हुक मारून जिंकून दिला, ते सोडा. सातव्यात बॉस्टनने करीमभोवती दोन-दोन माणसं उभी केली, कॉवेन्सने २८ गुण आणि १४ रिबाउंड काढले आणि मिलवॉकीला त्यांच्याच घरी १०२-८७ हरवलं. पाच इंच उंचीला कमी असलेला सेंटर जिंकला. पण तो धावून जिंकला, झोपून जिंकला, ढकलून जिंकला.

त्याच बॉस्टन संघात डॉन नेल्सन नावाचा फॉरवर्ड होता. हा पुढे कोच झाला आणि उंच माणसांना बाहेर काढून समोरच्याला चक्रावून सोडणं हाच त्याने धंदा केला. २००७ मध्ये त्याच्या गोल्डन स्टेटने लीगमध्ये ६७ सामने जिंकलेल्या डॅलसला पहिल्याच फेरीत ४-२ ने घरी पाठवलं. डॅलसचा कोच एव्हरी जॉन्सन नेल्सनच्याच हाताखाली असिस्टंट होता. त्याला गुरूची इतकी धास्ती, की पहिल्याच सामन्यात आपला सेंटर एरिक डँपियरला त्याने सुरुवातीच्या पाचांतून काढलं. बुटक्यांसमोर बुटके. ६७ सामने ज्या पद्धतीने जिंकले ती पद्धत पहिल्या दिवशीच मोडीत, आणि पहिला सामना हातचा गेला. घाबरून केलेला बदल समोरच्याला लगेच दिसतो.

पण पुढे? पुढच्याच फेरीत युटाने नेल्सनच्या त्याच संघाला ४-१ ने झोपवलं. कार्लोस बूझर आणि मेहमेत ओकुर रिंगखाली ठाण मांडून बसले. नेल्सनने कोच म्हणून १,३३५ लीग सामने जिंकले. निवृत्त झाला तेव्हा एवढे कुणाचेच नव्हते. फायनलपर्यंत मात्र एकदाही पोचला नाही. लहान गटाचे हात खाली गेलेले दिसतायत. थांबा, अजून बाकी आहे.

फिनिक्स. माइक डँटोनीचा संघ. २००३-०४ मध्ये २९ विजय, स्टीव्ह नॅश आल्यावर पुढच्या वर्षी ६२. पहिल्या सात सेकंदांत शॉट, चारी बाजूंना शूटर, पॉवर फॉरवर्डच्या जागी ६ फूट ७ इंचांचा शॉन मॅरियन. मला विचाराल तर इतका देखणा खेळ मी फार थोड्या संघांचा बघितलाय. २००५ च्या कॉन्फरन्स फायनलमध्ये सॅन अँटोनिओविरुद्ध अमारे स्टॉडमायरने सामन्यामागे ३७ गुण काढले. सामन्यामागे ३७! आणि फिनिक्स ४-१ ने हरलं. गुण करण्यात ते कधीच कमी पडले नाहीत. टिम डंकनला थांबवायला आणि चुकलेला बॉल परत घ्यायला माणूस नव्हता. २००७ मध्ये नशीबही आडवं आलं. रॉबर्ट हॉरीने नॅशला बाजूच्या टेबलावर ढकललं, स्टॉडमायर आणि डियॉ बेंचवरून उठून पुढे आले म्हणून दोघांवर एका सामन्याची बंदी. त्यावर वाद घालायचा तर जन्मभर घाला. शेवटी २००८ मध्ये त्यांनी मॅरियनला देऊन कुणाला आणलं? शकील ओनीलला. जन्मभर पळायचा उपदेश केला आणि म्हातारपणी हत्ती विकत घेतला.

डियॉ हे नाव दुसऱ्यांदा आलं, लक्षात आलं का कुणाच्या? स्टॉडमायरचा गुडघा गेला त्या वर्षी, २००६ मध्ये, फिनिक्सने त्याला सेंटरला खेळवलं आणि ते हरले. २०१४ मध्ये सॅन अँटोनिओने त्यालाच पुढे केलं आणि ते जिंकले. माणूस तोच, उंचीही तीच, ६ फूट ८ इंच. फरक असा, की सॅन अँटोनिओत त्याच्या शेजारी टिम डंकन उभा होता. एक उंच माणूस कमी केला होता, सगळे नाही.

सगळे कमी केले ते ह्यूस्टनने. पुन्हा डँटोनीच. फेब्रुवारी २०२० मध्ये त्यांनी क्लिंट कपेलाला विकून टाकलं आणि ६ फूट ५ इंचांच्या पी. जे. टकरला सेंटर केलं. टकर दणकट माणूस, त्याच्याबद्दल एक शब्द वाईट बोलणार नाही. त्याने जेवढा मार खाल्ला तेवढा तुम्ही पाचांनी मिळून खाल्लेला नाही. प्लेऑफच्या दुसऱ्या फेरीत लेकर्सविरुद्ध पहिला सामना जिंकले. लगेच सगळीकडे बोंब, सेंटरचा जमाना गेला. पुढचे चारही सामने लेकर्सने जिंकले. त्यांनी काय केलं ते बघा. ड्वाइट हॉवर्ड आणि जव्हेल मगी, दोन्ही धिप्पाड सेंटर जवळजवळ बाजूला ठेवले आणि अँथनी डेव्हिसला मध्ये आणलं. ६ फूट १० इंच, पण गार्डसारखे पाय. म्हणजे बुटक्यांना उत्तर जास्त उंच माणसाने दिलं नाही, पळणाऱ्या उंच माणसाने दिलं. आणि पुढच्याच मालिकेत समोर निकोला योकिच आला तर बसवलेला हॉवर्ड परत काढला, अंगावर घातला. नंतर लेकर्स चॅम्पियन. बेंचवर कोण बसतो यावरून त्यांनी तत्त्वज्ञान मांडलं नाही.

मधूनच कुणीतरी पुटपुटतंय, "पण सर, थ्री म्हणजे तीन गुण." गणित येतं तर पूर्ण कर. शंभर थ्री मारलेस, छत्तीस पडले, झाले १०८. शंभर दोनवाले मारलेस, पन्नास पडले, झाले १००. आठ गुणांचा फायदा. मान्य. पण सेंटर नाही म्हणून समोरच्याला दहा जास्तीचे रिबाउंड दिलेस, आणि प्रत्येक जास्तीच्या संधीला साधारण एक गुण धरला, तर दहा गेले. आठ कमावले, दहा घालवले. आणि हे छत्तीस टक्केवाल्याचं गणित आहे. तू वीसात तीन टाकतोस. तुझ्या गणिताला मी आज हातच लावत नाही. ज्यांचे पडतात त्यांचेही एखाद्या रात्री पडत नाहीत. २०१८ च्या कॉन्फरन्स फायनलच्या सातव्या सामन्यात ह्यूस्टनचे लागोपाठ २७ थ्री चुकले. लागोपाठ. सामना घरचा, हाफ टाइमला ११ गुणांनी पुढे, आणि हरले.

वॉरियर्सचंच पुढचं सांगतो, म्हणजे "वॉरियर्ससारखं" पूर्ण होईल. २०२२, मेम्फिसविरुद्ध मालिका. पाचवा सामना ते ३९ गुणांनी हरले. १३४-९५. सहाव्यात काय केलं? आणखी बुटके झाले? केव्हॉन लूनीला परत सुरुवातीच्या पाचांत आणलं. ६ फूट ९ इंच, ना उडी, ना शॉट, पोस्टरवर फोटो नाही. त्याने त्या सामन्यात २२ रिबाउंड घेतले. मालिका जिंकली, पुढे बॉस्टनला हरवून चॅम्पियनशिपही जिंकली. करीचे थ्री तुमच्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये आहेत. लूनीचा एक तरी रिबाउंड आहे का?

आता उंचीवाल्यांनो. फार खूश होऊन बसलात. रूडी गोबेर, ७ फूट १ इंच, लीगचा सर्वोत्तम बचावपटू म्हणून २०२१ पर्यंत तीनदा निवडलेला. त्याच वर्षी क्लिपर्सने सेंटर बसवला, पाच शूटर पसरले आणि त्याच्या युटाला ४-२ ने घालवलं. शेवटच्या दोन सामन्यांत तर त्यांचा कवाय लेनर्डही नव्हता. सहाव्या सामन्यात २५ गुणांनी मागे पडून आले, आणि टेरन्स मान नावाच्या, तोवर फारसं कुणी विचारत नसलेल्या पोराने ३९ गुण केले. लोक म्हणाले गोबेर संपला. गोबेर कशाला संपतोय? पुढचे गार्ड आपला माणूस धरू शकत नव्हते, म्हणून प्रत्येक वेळी गोबेरला कोपरा सोडून रिंगकडे धावावं लागत होतं, आणि कोपऱ्यात मान मोकळा. मागे उंच माणूस आहे म्हणून पुढच्यांनी हलगर्जीपणा करायचा आणि शिव्या मागच्याने खायच्या. हे ओळखीचं वाटतंय का? नोव्हेंबरमधली मॅच आठवा. त्या दिवशी लंबू आत होता, तरी हरलात, आणि खापर त्याच्याच डोक्यावर.

आणि "आपल्याकडे उंच पोरं नाहीत" हे तर माझ्यापुढे बोलूच नका. वॉरियर्सने बोगटला बसवलं त्याच महिन्यात, जून २०१५ मध्ये, पंजाबातल्या बल्लोके गावच्या सतनाम सिंगला डॅलसने ड्राफ्टमध्ये घेतलं. ७ फूट २ इंच. एनबीएच्या ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला पहिला भारतीय. लीगचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. त्याच्या मेहनतीला माझा नमस्कार आहे. पण तो ज्या महिन्यात दारात पोचला त्याच महिन्यात आतले लोक सात फुटी माणसाला विचारू लागले होते, तू कमानीपर्यंत बाहेर येऊन गार्ड धरू शकतोस का? नुसत्या उंचीवर आत घ्यायचे दिवस तेव्हा सरत आले होते.

आणखी एक घोटाळा तुम्ही करता. लहान आणि वेगवान ही एकच गोष्ट समजता. १९८० च्या दशकातले लेकर्स लीगमध्ये सर्वांत देखणं पळणारे, आणि त्यांचा सेंटर करीम, गार्ड ६ फूट ९ इंचांचा मॅजिक जॉन्सन. २०२५ ची इंडियाना टीम घ्या. पळून पळून समोरच्याच्या नाकी नऊ आणले, सातव्या सामन्यापर्यंत फायनल नेली, आणि मध्ये उभा माइल्स टर्नर, ६ फूट ११ इंच. २०१९ मध्ये हीच इंडियाना टीम वरळीच्या डोममध्ये सॅक्रामेंटोविरुद्ध खेळून गेली. वेग पायांत असतो आणि पासमध्ये असतो. तुम्ही शनिवारी बुटकेही होतात आणि हळूही होतात. रिबाउंडच हातात नाही तर फास्ट ब्रेक कशाचा काढणार?

त्याच २०२५ च्या फायनलमध्ये ओक्लाहोमा सिटीने काय केलं ते सांगतो आणि थांबतो. इंडियानाच्या वेगाला बिचकून त्यांनी पहिल्या सामन्यात सात फुटी हार्टनस्टाईनला सुरुवातीच्या पाचांतून काढलं आणि केसन वॉलेसला घेतलं. ०.३ सेकंद बाकी असताना हॅलिबर्टनने शॉट टाकला, एका गुणाने हरले. दुसरा त्याच पाचांनी जिंकले. तिसरा हरले. चौथ्या सामन्याला कोचने हार्टनस्टाईनला परत सुरुवातीला आणलं, चेट होल्मग्रेनच्या जोडीला, दोन सात फुटी एकत्र. तो सामना जिंकले आणि शेवटी चॅम्पियन झाले. पण दुसरा सामना बुटक्या पाचांनी जिंकला होता, हे विसरू नका. लहान संघ जिंकतो की नाही, असं मला पुन्हा विचारू नका. कुणासमोर, किती मिनिटं, आणि सेंटरची कामं कोण करणार, हे तिन्ही सांगा, मग मी हो किंवा नाही म्हणेन.

सोमवारपासून लंबू कोपऱ्यातून रोज शॉट मारणार, आणि दोन्ही गार्डना समोरासमोर धरणार. पाय जळाले तरी चालतील. आणि तू लंबू, शनिवारी तुला बसवलं तेव्हा तू एका शब्दाने विचारलं नाहीस, का म्हणून. टॉवेलमध्ये तोंड घालून बसलास. ते मला सर्वांत जास्त लागलं. बाकीचे चौघे रिंगखाली. बॉल नाही मिळणार. मी शॉट मारणार, तुम्ही फक्त माणूस मागे ठेवायचा, आणि बॉल जमिनीवर पडला तर तो तुमचा गुण, हातात घेतलात तरी नाही. कॅप्टनसाहेब, तुम्ही २०१५ चा तो चौथा सामना आज रात्री पूर्ण बघायचा. कागद-पेन घेऊन बसा. करी दिसला की डोळे मिटून घ्या. ग्रीन कुठे उभा आहे, प्रत्येक चुकलेल्या शॉटला, एवढंच लिहून आणायचं. वही मी तपासणार आहे.